गादी गेली, महाराज राहिले

स्वातंत्र्यानंतर संस्थाने आणि जमीनदाऱ्या गेल्या, पण राजघराणी काही राजकारणातून गेली नाहीत. उलट अनेक वाड्यांची निवडणूक कचेऱ्या झाली. प्रजेची मतदार झालेली माणसे जुन्याच भक्तिभावाने राजेसाहेबांच्या पेटीत मत टाकत राहिली. लोकसभेची खुर्ची ही गेलेल्या गादीची भरपाई आहे, असेच पुष्कळांना वाटे. चांदा जिल्ह्याने मात्र १९६२ साली असा एक जमीनदार दिल्लीला धाडला की, ज्याने ती खुर्ची मुदतीपूर्वीच आपल्या हाताने परत केली. त्याचे नाव लालश्यामशहा.

गडचिरोलीहून धानोरा, मुरूमगावमार्गे पूर्वेला गेले की महाराष्ट्राची हद्द संपते आणि मानपूर-मोहल्याचा मुलूख लागतो. हद्द नकाशावर आहे. जंगलाला ती ठाऊक नाही. अलीकडे गोंड आणि पलीकडेही गोंड. सोयरिकी आणि बाजार दोन्हीकडचे. याच मुलखात पानाबारसची गोंड जमीनदारी होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती चांदा जिल्ह्यातच मोडत असे. इंग्रजांनी नवा दुर्ग जिल्हा केला, तेव्हा अंबागड चौकी, कोरचा, औंधी आणि पानाबारस या जमीनदाऱ्या तिकडे जोडल्या गेल्या. पुढे दुर्गचा राजनांदगाव झाला, मध्य प्रदेशाचा छत्तीसगड झाला आणि २०२२ साली मोहला-मानपूर-अंबागड चौकी हा स्वतंत्र जिल्हाही झाला. सरकारी पाट्या बदलत गेल्या, पण चांद्याशी असलेली जवळीक सुटली नाही.

या घराण्यात १९१९ साली लालश्यामशहांचा जन्म झाला. जमीनदार म्हणजे केवळ सारा गोळा करणारा माणूस नव्हे. गावाचा तंटा, सणाचा मान, जंगलातले लाकूड, दुष्काळातले धान्य, या साऱ्यांत त्याचा शब्द असे. त्या शब्दात जुलूमही असू शकत होता आणि आधारही. १९५१ साली मध्य प्रदेशात जमीनदारी संपुष्टात आली. कुळांच्या दृष्टीने ती चांगलीच गोष्ट झाली. परंतु जमीनदाऱ्यांतली जंगले सरकारजमा झाली आणि तिथे एक नवाच धनी आला. जमीनदाराशी निदान त्याच्या दारात बसून भांडता येत असे. वनखात्याचा कायदा मात्र कागदावर होता आणि तो कागद आदिवासीला वाचता येत नव्हता. सागाची झाडे ठेकेदाराच्या ट्रकमधून जाऊ लागली, बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे निघाला. आणि घरासाठी दोन बल्ल्या तोडणारा गोंड गुन्हेगार ठरला.

जमीनदारी गेल्यावर लालश्यामशहा याच प्रश्नात उतरले. गादी नसलेल्या या राजाला लोक मात्र महाराजच म्हणत राहिले. मध्य प्रदेशाच्या विधानसभेत ते निवडून गेले. नंतर १९६२ साली त्यांनी सीमेपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या चांदा मतदारसंघातून लोकसभेची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली. तो काळ काँग्रेसचा. चांद्याचेच मारोतराव कन्नमवार त्याच वर्षी राज्याचे मुख्यमंत्री झाले, एवढा त्या पक्षाचा या जिल्ह्यात दरारा. अशा ठिकाणी पक्ष नसलेला, दुसऱ्या राज्यातला एक आदिवासी माणूस निवडून आला.

दिल्लीत मात्र त्यांचे मन रमले नाही. त्यांच्या मनात घोळत होता तो दंडकारण्याचा प्रश्न. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या हिंदू निर्वासितांना वसवण्यासाठी केंद्र सरकारने १९५८ साली दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केले होते. बस्तर, कोरापूट, कलाहांडी या भागांतली जंगले साफ करून वसाहती उभ्या राहत होत्या. १९६४ च्या आरंभी पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या आणि निर्वासितांचा नवा लोंढा आला. चांद्याच्या जंगलातही त्यांना जमिनी द्यायचे ठरले. ज्या आदिवासीला आपल्याच जंगलातली शेती कायदेशीर करून मिळत नव्हती, त्याच्या डोळ्यांदेखत तीच जमीन मोजून दुसऱ्याला दिली जाऊ लागली. याच्या निषेधार्थ लालश्यामशहांनी १९६४ साली खासदारकीचा राजीनामा दिला. पोटनिवडणूक झाली आणि दिवंगत मुख्यमंत्र्यांच्या पत्नी ताई कन्नमवार निवडून आल्या.

हा राजीनामा सरळसोपा न्याय सांगत नाही. एका बाजूला घरदार सोडून जीव वाचवून आलेली कुटुंबे होती. त्यांचा काही अपराध नव्हता. आज मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतल्या बंगाली गावांत त्यांची नातवंडे भात पिकवतात, तळ्यात मासळी वाढवतात. तीही आता याच मातीची झाली आहेत. दुसऱ्या बाजूला, ज्याचे जंगल त्याला कुणी विचारलेच नव्हते. दोन दुबळ्यांना एकाच तुकड्यावर आणून उभे करायचे आणि निर्णय मात्र दूर कुठेतरी घ्यायचा, ही राज्यकारभाराची रीत होती. त्या रीतीत आपण सामील असू नये, एवढे या माणसाने ठरवले. खासदार राहून संसदेत लढायला हवे होते, असेही कुणी म्हणेल. तो आक्षेप अगदीच पोकळ नाही. राजीनाम्याने वसाहती थांबल्या नाहीत आणि चांद्याच्या आदिवासीचा दिल्लीतला एक आवाज मात्र कमी झाला.

पण लालश्यामशहा घरी बसले नाहीत. वीस वर्षांनी, १९८४ साली, त्यांचे नाव गडचिरोलीच्या जंगलात पुन्हा गाजले. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशी दोन मोठी धरणे व्हायची होती. त्यात जंगल आणि आदिवासी गावे बुडणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि बाबा आमटे यांच्या जोडीने लालश्यामशहा महाराज त्याच्या अग्रभागी होते. दोन्ही धरणे आजतागायत उभी राहिलेली नाहीत.

या आंदोलनातून धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव जागे झाले. आपल्या गावाचा निर्णय आपणच, तोही सर्वांच्या संमतीने, घ्यायचा हा पायंडा त्याने पाडला. वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते गणले जाते. पुढे त्या गावाने आपला बांबू आपल्या हाताने विकला. महाराजांना हे पाहायला मिळाले नाही. १९८८ सालीच त्यांचे निधन झाले होते.

जमीनदारी कायद्याने गेली आणि खासदारकी त्यांनी स्वतः सोडली. त्यांच्या नावाचा मोठा पुतळा किंवा पंथ नाही. चांद्याच्या खासदारांच्या यादीत त्यांच्या नावापुढे जेमतेम दोन वर्षे दिसतात. जंगलाबद्दल जंगलात राहणाऱ्याला आधी विचारा, हे त्यांचे मागणे मात्र गडचिरोलीत अजून जुने झालेले नाही. तिथे जमीन मोजायला माणसे आली की ग्रामसभा आजही तेच मागते.