सॉल्ट लेक सिटीला १८८३ मध्येच भूकंपाचा इशारा देणारे गिल्बर्ट कोण होते?

१८ मार्च २०२०. अमेरिकेतल्या यूटा राज्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी सकाळी सातच्या सुमारास ५.७ तीव्रतेच्या भूकंपाने हादरली. शहरातल्या प्रसिद्ध मॉर्मन मंदिराच्या शिखरावरच्या सोनेरी पुतळ्याच्या हातातली तुतारी निखळून पडली.

या शहराला भूकंपाचा धोका आहे, असं एका माणसाने तब्बल १३७ वर्षं आधी वर्तमानपत्रातून सांगितलं होतं. त्यांचं नाव ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट.

गिल्बर्ट यांचा जन्म १८४३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचा. तिथल्याच विद्यापीठातून ते १८६२ मध्ये पदवीधर झाले. १८७१ पासून ते सरकारी सर्वेक्षणाच्या तुकड्यांसोबत अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरू लागले. १८७९ मध्ये अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हा सुरुवातीपासूनच ते तिच्यात होते. पुढे ते तिचे मुख्य भूवैज्ञानिकही झाले.

पश्चिमेत फिरताना त्यांना एक गोष्ट दिसली. तिथल्या कित्येक डोंगररांगांच्या पायथ्याशी जमिनीत फॉल्ट आहे, म्हणजे खडकात खोलवर गेलेली भेग. या भेगेवरून एका बाजूचा खडक वर सरकतो आणि डोंगर उंच होत जातो.

पण तो सरकतो कसा? हळूहळू की एकदम?

याचं उत्तर त्यांना कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीत मिळालं. २६ मार्च १८७२ च्या भूकंपात तिथल्या लोन पाइन गावातली ५९ पैकी ५२ घरं पडली होती. काही वर्षांनी गिल्बर्ट तिथे गेले, तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी जमीन पायरीसारखी तुटलेली दिसत होती. तशाच पायऱ्या त्यांनी यूटातल्या वॉसॅच डोंगराच्या पायथ्याशीही पाहिल्या होत्या. म्हणजे वॉसॅचही एकेका भूकंपात, एकेका धक्क्याने वर आला होता.

घरातलं जड लोखंडी कपाट ढकलून बघा. आधी ते जागचं हलत नाही. जोर वाढवत गेलं की अचानक सुटतं आणि एकदम पुढे सरकतं. फॉल्टचंही असंच. दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे अडकून राहतात आणि ताण साठत जातो. तो घर्षणापेक्षा जास्त झाला की खडक एका झटक्यात सरकतात. मग शांतता. आणि पुन्हा ताण साठायला सुरुवात.

पुन्हा तिथेच का? कारण एकदा तुटलेली जागा अखंड खडकापेक्षा कमकुवत असते. घासून घासून तिथे खडकाचा चुरा आणि चिकणमाती तयार होते. भेगेत अडकलेल्या पाण्याचा दाब वाढला तर खडकांची एकमेकांवरची पकड सैल होते. मातीचा आणि पाण्याचा हा भाग नंतरच्या संशोधनातून नीट समजला. पण साठणारा ताण आणि त्याला अडवणारं घर्षण, हे गणित गिल्बर्ट यांनी तेव्हाच मांडलं होतं.

सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी ते सॉल्ट लेक सिटीच्या एका वर्तमानपत्रात लिहिलं. वॉसॅचच्या पायथ्याशी लांबवर ताज्या पायऱ्या होत्या, पण नेमक्या शहराजवळच्या पट्ट्यात नव्हत्या. कुणालाही वाटेल, बरं झालं, इथे धोका नाही. गिल्बर्ट यांचा निष्कर्ष उलटा होता. इथे पायरी नाही, याचा अर्थ इथला फॉल्ट फार काळ सरकलेला नाही. म्हणजे ताण अजून आतच आहे. कधी सुटेल ते सांगता येणार नाही, पण सुटेल हे नक्की. लाकडी घरं भूकंपात जास्त टिकतात आणि विटांची आगीत, हेही त्यांनी लोकांसमोर ठेवलं.

शहर मात्र विटांनीच वाढत गेलं.

१८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला, तेव्हा गिल्बर्ट जवळच बर्कलीत होते. चौकशी आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी फॉल्टवर फिरून मोजमापं घेतली, फोटो काढले. याच आयोगाच्या कामातून हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये भूकंपाचा प्रसिद्ध सिद्धांत मांडला. ताण साठतो आणि झटक्यात सुटतो, हाच त्याचा गाभा.

१९१८ मध्ये, ७५ वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, गिल्बर्ट यांचं निधन झालं.

मग २०२० च्या भूकंपात सगळा ताण सुटला का? नाही. तो वॉसॅच फॉल्टशीच जोडलेला होता, पण मध्यम होता. २०१६ च्या एका शास्त्रीय अहवालानुसार या भागात २०१४ पासूनच्या ५० वर्षांत ६.७५ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची शक्यता ४३ टक्के आहे. आणि यूटात विटांची हजारो जुनी घरं आजही उभी आहेत.