लिओनार्दोची शरीरसाधना

रोमला व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात संत जेरोमचे एक अपुरे राहिलेले चित्र आहे. अरण्यात तपश्चर्येला बसलेला कृश वृद्ध, छातीवर मारून घेण्यासाठी उचललेला हातातील दगड आणि पुढ्यात पहुडलेला सिंह, एवढाच त्याचा विषय. लिओनार्दो दा व्हिंचीने हे चित्र १४८० च्या सुमारास, ऐन तिशीच्या उंबरठ्यावर हाती घेतले. जाणकारांना कोड्यात टाकले ते त्या वृद्धाच्या मानेने. कानामागून खाली उतरणारा स्नायू तेथे दोन पदरांनी दाखविला आहे. एक पदर छातीच्या मधल्या हाडाला आणि दुसरा हासळीच्या हाडाला जाऊन मिळतो. शरीररचनेच्या दृष्टीने हे अचूक आहे. परंतु १४९५ च्या सुमारास, ‘अखेरचे भोजन’ या भित्तिचित्राच्या तयारीत, त्याने जुदासच्या मस्तकाचे जे रेखाटन केले त्यात हाच स्नायू एकसंध, म्हणजे चुकीचा आहे. पंधरा वर्षांनंतरही जे ठाऊक नव्हते ते आधी कसे उमटले? अभ्यासकांनी लावलेला उलगडा असा की, मानेचे ते पदर १५१० च्या सुमारास मागाहून रंगविले गेले. अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीतही मूळ आराखड्यात ते आढळले नाहीत. तरुणपणी काढलेली मान या माणसाने साठीच्या घरात येऊन दुरुस्त केली!

मधल्या तीस वर्षांत काय घडले, हाच त्याच्या चरित्रातील खरा वाचनीय भाग होय.

१५ एप्रिल १४५२ रोजी व्हिंची गावाजवळ एका नोटरीच्या अनौरस पुत्राच्या रूपाने त्याचा जन्म झाला. लॅटिनचे रीतसर शिक्षण त्याला लाभले नाही. ही उणीव त्याला जन्मभर बोचत राहिली. फ्लॉरेन्सला व्हेर्रोक्यो या शिल्पकाराच्या कार्यशाळेत तो उमेदवारी करू लागला आणि १४७२ मध्ये चित्रकारांच्या मंडळात त्याचे नाव नोंदले गेले. त्या नगरीत चित्रकार हे वैद्य आणि औषधविक्रेते यांच्याच व्यावसायिक संघात मोडत, ही गोष्ट आज गमतीची वाटते. नग्न देहाचे स्नायू ठसठशीत दाखविण्याची हौस तेथील कलावंतांत होतीच. लिओनार्दोला मात्र ती पुरेशी वाटली नाही. कोणता स्नायू कोणत्या हालचालीत फुगतो आणि कोणता सैल पडतो हे न जाणता सारेच फुगवून दाखविणाऱ्यांची आकृती त्याला अक्रोड भरलेल्या पोत्यासारखी दिसे.

१४८२ च्या सुमारास तो मिलानला गेला. तेथे २ एप्रिल १४८९ ही तारीख घालून त्याने मानवी देहावरील ग्रंथाचा संकल्प सोडला आणि कवटीची रेखाटने आरंभिली. उभी चिरलेली, आडवी चिरलेली, अर्धी उघडलेली अशी ती कवटी त्याने इतक्या नाजूक रेषांनी उतरविली की, पाहणाऱ्याला हाडाची जाडी डोळ्यांनी मोजता यावी. त्या काळात मृतदेह त्याला क्वचितच मिळत. पुष्कळसे काम प्राण्यांच्या देहांवर भागवावे लागे. त्यामुळे प्रमादही घडले. मेंदूत एकामागे एक तीन पोकळ्या असतात ही जुनी समजूत त्याने प्रथम तशीच चितारली.

या अभ्यासाची दुसरी बाजू रस्त्यावरची होती. कमरेला लहानशी वही अडकवून तो हिंडे. भांडणारी, हसणारी, हातघाईवर आलेली माणसे दिसली की चार रेषांत टिपून घ्यावीत, असा त्याचा परिपाठ होता आणि शिकाऊ चित्रकारांनाही तो हेच सांगे. वहीचा कागद हाडाच्या भुकटीचा लेप दिलेला असावा आणि रेघ चांदीच्या टोकाने ओढावी, अशी त्याची सूचना होती. तशी रेघ पुसली जात नाही. चुकलेलीही जपून ठेवावी, कारण देहाच्या ठेवणी अगणित आहेत आणि स्मरणशक्ती तोकडी आहे, हे त्यामागील कारण. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसा काढलेल्या आकृत्यांच्या बाह्यरेषा अंधारात मनाशी पुन्हा गिरवाव्यात, हाही त्याचाच उपदेश. त्याच्या टिपणांची सात हजारांहून अधिक पाने आज शिल्लक आहेत. डावखुऱ्या हाताने, उजवीकडून डावीकडे, आरशातल्याप्रमाणे उलटी लिहिलेली. वहीतला चेहरा आणि शवागारातला स्नायू हे त्याच्या लेखी एकाच अभ्यासाचे दोन पाठ होते.

१५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा रुग्णालयात शंभरी ओलांडल्याचे सांगणाऱ्या एका वृद्धाशी तो बोलत बसला होता. थोड्याच वेळात, कसलाही त्रास न होता, त्या वृद्धाने बसल्या जागी प्राण सोडला. इतक्या शांत मरणाचे कारण शोधण्यासाठी लिओनार्दोने त्याचे शवविच्छेदन केले. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या सुकून आकसल्याचे त्याला आढळले. पुढे दोन वर्षांच्या एका बालकाच्या मऊ, मोकळ्या वाहिन्यांशी त्याने त्यांची तुलना केली. धमन्या कठीण होण्याच्या विकाराचे हे अगदी आरंभीचे वर्णन मानले जाते. येथे चित्रकार मागे पडून वैद्य पुढे आलेला दिसतो.

हे काम सुखाचे नव्हते. देह टिकविण्याचे साधन नसल्याने ते थंडीतच उरकावे लागे. एकाच शरीरातून सारे पाहून होत नसे, म्हणून एकामागून एक देह उघडावे लागत. सोललेल्या प्रेतांच्या सोबतीने रात्र काढण्याचे भय आणि उठणारी शिसारी यांची नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे.

१५१०-११ च्या हिवाळ्यात पाव्हिया विद्यापीठातील मार्कान्तोनिओ देल्ला तोर्रे या तरुण प्राध्यापकाच्या संगतीत हे काम कळसाला पोहोचले. अठरा पानांवर सुमारे २४० रेखाटने आणि तेरा हजारांवर शब्द! खांदा तर त्याने जणू भोवती फिरत फिरत, कोन बदलीत काढला. स्नायूंच्या जागी नुसते दोर ताणून दाखविले, जेणेकरून ओढ कोणत्या दिशेची हे कळावे. परंतु १५११ मध्ये प्लेगने मार्कान्तोनिओचा बळी घेतला आणि ग्रंथ राहिलाच. सारा दोष त्या साथीवर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. हातचे काम संपविण्याआधी दुसऱ्याकडे वळण्याची लिओनार्दोची खोड जुनीच होती. त्यानंतर तो बैलाच्या हृदयात गुंतला. रक्ताचे भोवरे समजून घेण्यासाठी काचेच्या नळीत गवताचे बी मिसळलेले पाणी सोडून पाहण्याचा बेत त्याने आखला. पुढे रोममध्ये एका जर्मन कारागिराच्या चहाड्यांमुळे त्याचे शवविच्छेदन अडले.

१५१७ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये भेटीस आलेल्या एका कार्डिनलला त्याने आपण तीसहून अधिक देह उघडल्याचे सांगितले. २ मे १५१९ रोजी आंब्वाज येथे तो निवर्तला. वह्या आणि कागद शिष्य फ्रांचेस्को मेल्झीकडे गेले. त्याने ते जिवापाड सांभाळले. त्याच्या मागे १५७० च्या सुमारास ते विखुरले. दरम्यान १५४३ मध्ये व्हेसॅलियसचा ग्रंथ छापून निघाला आणि युरोपातील चित्रकार व वैद्य त्यावरून देह शिकले. लिओनार्दोची पाने १६९० पर्यंत इंग्लंडच्या राजसंग्रहात पोहोचली होती, पण ती रीतसर छापली गेली १९०० च्या आसपास. विंडसरला असलेल्या त्या पानांत मानेच्या दुपदरी स्नायूचे रेखाटनही आहे.