धुराची वाट शोधणारे रिचर्डसन

फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आपल्या रायगड जिल्ह्यात डोंगरांवर वणवे लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. मुरूड, म्हसळा, रोहा या भागांत वाळलेले गवत पेटले, की रात्री डोंगरावर आगीची माळ दिसते. शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याचाही धूर असतो. हा धूर कोठे जातो, याकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे का? दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात आणि धूर आतल्या गावांकडे नेतात. रात्री मतलई वारे सुटतात आणि धूर किनाऱ्याकडे येतो. आग दूर डोंगरावर, पण खोकला येतो किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला!

उद्या सकाळी कोणत्या गावावर किती धूर असेल, हे आजच सांगता आले तर? आता ते बऱ्याच प्रमाणात सांगता येते, आणि तेही गणिताने. या गणिताचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते लुईस फ्राय रिचर्डसन.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल या शहरात झाला. त्यांचे घराणे क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक युद्धाला पाप मानतात. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी काही ठिकाणी नोकरी केली. १९१३ मध्ये ते स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर वेधशाळेचे प्रमुख झाले. ही वेधशाळा आपल्या अलिबागच्या वेधशाळेची बहीणच म्हणा ना! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदींचे काम कुलाब्याहून अलिबागला आणावे लागले; लंडनजवळच्या ट्राममुळे ते काम तसेच एस्कडेलम्यूरला न्यावे लागले होते.

तेथे रिचर्डसन यांच्या मनात एक कल्पना घोळू लागली. नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोनावरील हवेचे एकावर एक थर मानायचे. प्रत्येक कप्प्यातील वारा, दाब, उष्णता व ओलावा मोजायचा. मग निसर्गाच्या नियमांनुसार शेजारच्या कप्प्यात काय जाईल, याचा हिशेब करायचा. हवा आणि अंदाज हे दोन्ही शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. पण रिचर्डसन यांना हवेचा नुसता अंदाज नको होता, हिशेब हवा होता.

पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची रुग्णवाहिका चालवण्याचे काम पत्करले. हातात बंदूक घेतली नाही, पण तोफांच्या माऱ्यापासून ते दूरही राहिले नाहीत. विश्रांतीच्या वेळी थंड खोलीत गवताच्या ढिगावर बसून ते आकडेमोड करीत. २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदी घेऊन त्यांनी सहा तासांतील बदल काढला. १९१७ च्या लढाईत त्यांचे हस्तलिखित हरवले. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले!

एवढे करून उत्तर काय आले? हवेचा दाब सहा तासांत १४५ हेक्टोपास्कलने वाढेल, असे. प्रत्यक्षात तो जवळजवळ बदललाच नव्हता. दुसऱ्या कोणी हे कागद लपवले असते. रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये ग्रंथ छापला, त्यात हे चुकीचे उत्तरही जसेच्या तसे दिले. मला या माणसाची ही गोष्ट फार आवडते. पुढे कळले, की पद्धत बरोबर होती. सुरुवातीच्या नोंदींतील लहान दोषांनी घोटाळा केला होता. साऱ्या जगाचे हवामान वेळेवर सांगायचे तर ६४,००० माणसे एकाच वेळी हिशेब करीत बसावी लागतील, असेही त्यांनी त्यात लिहिले होते.

धूर हवेत पसरतो कसा, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. वाऱ्यात लहानमोठे भोवरे असतात. धुराचे दोन पुंजके जवळ असले तर लहान भोवरेच त्यांना अलग करतात. ते लांब गेले की मोठे भोवरेही कामाला लागतात आणि अंतर झपाट्याने वाढते. याचा नियम त्यांनी १९२६ मध्ये मांडला.

पण याच काळात एक दुःखद गोष्ट घडली. हवेच्या या अभ्यासात सर्वांत जास्त रस विषारी वायूच्या तज्ज्ञांना आहे, असे त्यांना दिसून आले. धुराची वाट कळली, की विषाची वाटही कळते! त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी नोंदवून ठेवले आहे, की रिचर्डसन यांनी हे संशोधन थांबवले आणि न छापलेले कागद नष्ट केले. याआधी १९२० मध्ये हवामान खाते विमानदलाच्या मंत्रालयाकडे गेले, तेव्हाही त्यांनी तेथील नोकरी सोडली होती. नंतर ते शिक्षक झाले, पुढे पेझली येथील तंत्रविद्यालयाचे प्राचार्य झाले. युद्धे का होतात, याचेच गणित ते मांडू लागले.

भोवऱ्यांनी मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १९४८ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या आसपास, ते एका मित्राबरोबर स्कॉटलंडच्या खाडीत गाजरासारख्या एका मुळाचे तुकडे टाकून ते किती दूर जातात हे मोजत होते.

१९५० मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राने हवामानाचा पहिला हिशेब केला. ती बातमी रिचर्डसन यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी त्या शास्त्रज्ञांचे अभिनंदन केले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

६४,००० माणसांचे काम आता संगणक करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ मध्ये दिल्लीसाठी हवेच्या प्रदूषणाची पूर्वसूचना देणारी व्यवस्था सुरू केली. शेतात जाळलेल्या पेंढ्याची आग उपग्रह टिपतो, तिचा धूर चौकोनांच्या हिशेबात घातला जातो, आणि तो कोठे पोहोचेल हे आधीच कळवले जाते.