सायकलच्या दुकानातून कारखान्याकडे: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

नुसती स्टीलची फ्रेम विकत घेऊन बाकीचे सुटे भाग स्वतः जोडायचे आणि लांबच्या प्रवासाची सायकल उभी करायची, हा उद्योग सध्या मी कसाऱ्यात घरच्या ओट्यावर करतोय. "तयार सायकल मिळते की, मग कशाला ही कटकट?" असं बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर देताना मला दरवेळी लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. पंप आणि इंजिनांवर आपण ज्यांचं आडनाव वाचतो तेच. त्यांच्या कामाची सुरुवात सायकलपासून झाली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात मन रमेना, ओढ चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंग दिसत नसतील तर करायचं काय? त्यांनी रंग सोडले, रेषा ठेवल्या. यांत्रिक रेखाटन, म्हणजे मशीनच्या भागांची मोजमापासकट चित्रं काढणं, ते शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचं व्हीजेटीआय) तोच विषय शिकवायला लागले.

याच काळात सायकल मुंबईत दिसू लागली होती. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'रोव्हर' इंग्लंडमध्ये १८८५ ला आली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. म्हणजे तेव्हाची सायकल आजच्या नव्या फोनपेक्षाही नवलाची. किंमत सातशे ते हजार रुपये! लक्ष्मणराव स्वतः सायकल शिकले. मग मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवायच्या, असा व्यवहार सुरू झाला. रामूअण्णा सायकली विकायचे, दुरुस्त करायचे, आणि १५ रुपये घेऊन लोकांना चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ च्या या सायकलच्या धंद्यापासूनच मोजतो.

आता जरा माझ्या ओट्यावर या, कारण इथे सायकल खोलल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी असते, तिच्यात क्रँकचा एक्सल बसतो. तिथे दोन्ही बाजूंना वाट्या, आत छर्रे. सर्वसाधारण मापाच्या फ्रेममध्ये उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा पाना फिरवला तर सुटायच्या ऐवजी ती जास्तच आवळते. का? तर पॅडल मारताना छर्ऱ्यांच्या फिरण्याने वाटी हळूहळू सैल होऊ शकते, आणि उलट्या आट्यांमुळे तीच आपोआप घट्ट राहते. असंच चाकाचं. आउट काढताना एकेक स्पोक पाव फेरा आवळायचा, समोरचा ढिला करायचा, आणि रिम दोन्ही बाजूंना सारखी फिरते का ते बघत बसायचं. आमच्या घाटासाठी मी पुढे २४ दात्यांचं आणि मागे ३४ दात्यांचं चक्र घेतलंय. पॅडलच्या एका फेऱ्यात चाक फक्त ०.७ फेरा फिरतं, म्हणजे जेमतेम दीड मीटर पुढे. वेग नाही, पण पाठीमागे सामान लादून चढता येतं.

छर्रे, आटे, साखळी, दातेरी चक्र, ताण आणि जोर यांचा हिशोब: शेतीच्या यंत्रांतही मूळ गोष्टी याच. सायकल दुरुस्त करणाऱ्याला त्या हाताने कळतात. माझ्या मते लक्ष्मणरावांचा खरा वर्कशॉप तोच होता, कॉलेज नंतरचं.

मुंबईतल्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. पगार बंद, घरची माणसं पाठीशी, हातात दुकान. सायकलींच्या जोडीला कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

नांगर कोणी घेईना. लाकडी नांगर माती उकरतो, लोखंडी नांगर ती पालथी करतो. फायदा उघड होता, पण लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत. आज आपल्याला हसू येतं, पण त्या माणसाची सगळी मिळकत त्या जमिनीत होती, प्रयोग फसला तर वर्षभर खायचं काय? पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण व्हिडिओला दोन दिवसांत लाइक आले नाहीत तर चॅनल बंद करतो.

नांगर खपू लागला तोवर दुसरं संकट. शहराच्या वाढीसाठी बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी हात दिला: दहा हजारांचं बिनव्याजी कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान. निवडुंग आणि साप सोडून तिथे काही नव्हतं. १९१० मध्ये पंचवीसेक कामगार, त्यांची कुटुंबं, आणि सुटी करून आणलेली यंत्रं असा संसार तिथे उतरला. तेच आजचं सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी. स्टेशनचं नावही पुढे तेच झालं.

मला त्यांच्या कारखान्याइतकीच ही वसाहत महत्त्वाची वाटते. तिथे अस्पृश्यता पाळायला बंदी होती. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला त्यांनी रात्रीचा पहारेकरी नेमलं. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तरी काम थांबू दिलं नाही. मग पंप आले, इंजिनं आली, आणि मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून येऊन कामाला लागला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. आणि बेळगावात जिथे ते सायकलचं दुकान होतं, त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.