लुई ब्रेल : एका जखमेनें गेलेले दोन डोळे

फ्रान्स देशांत, पॅरिस शहराच्या पूर्वेस, कूव्रे नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें घोड्यांचीं खोगिरें व लगाम तयार करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं ता. ४ जानेवारी १८०९ रोजीं लुई ब्रेल ह्याचा जन्म झाला. मूल तीन वर्षांचें असतां बापाच्या कामाच्या जागीं शिरलें, आणि आपणही चामड्यास भोंक पाडावें असें त्यास वाटलें. हातांतील आरी निसटली ती थेट डोळ्यांत शिरली.

अशा जखमेवर त्या काळीं खरा इलाज नव्हता. पुढें दुसरा डोळा, ज्यास कांहींएक इजा झाली नव्हती, तोही गेला. आणि पांच वर्षांचा होईपर्यंत लुई अगदीं आंधळा झाला.

धड डोळा कसा गेला, असें वाचकांस नवल वाटेल. एका डोळ्यास खोल जखम झाली असतां क्वचित् कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं दुसराही डोळा आंतून सुजतो, हें आतां नेत्रवैद्यांस ठाऊक आहे. व वेळीं गेल्यास त्यावर औषधही आहे. म्हणून आरी, बाभळीचा कांटा किंवा तार डोळ्यांत रुतली तर ती घरीं उपसूं नये, डोळा चोळूं नये, दाबूं नये. वरून पेल्यासारखें कांहीं अलगद झांकण धरून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. चुना उडाल्यास मात्र प्रथम स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ डोळा धुवावा, मग निघावें. तूप, मध, पाल्याचा रस हीं डोळ्यांत घालण्याची चाल आमच्या खेड्यांतून अद्यापि गेली नाहीं, ह्याचें आम्हांस फार वाईट वाटतें.

लुईच्या बापानें मुलास कोंपऱ्यांत बसवून ठेविलें नाहीं. फळीवर खिळे ठोकून त्यानें अक्षरें केलीं व तीं बोटांनीं ओळखावयास शिकविलें. दहाव्या वर्षीं, १८१९ सालीं, लुई पॅरिस येथील अंध मुलांच्या शाळेंत गेला. तेथील पुस्तकांत साधींच अक्षरें फुगवून छापलेलीं असत. तीं वाचावयास फार वेळ लागे, आणि मुलांस लिहितां तर मुळींच येत नसे. १८२१ सालीं बार्बिये नामक एका माजी लष्करी अंमलदारानें बारा ठिपक्यांची लिपि शाळेपुढें मांडली. ती बोटाच्या टोंकाखालीं मावेना. लुईनें ती निम्म्यावर आणिली, आणि १८२४ च्या सुमारास, पंधरा वर्षांचा असतां, सहा ठिपक्यांची आपली लिपि सिद्ध केली. कागदावर हे ठिपके उठवावयाचे ते टोंचणीनें. ज्या जातीच्या हत्यारानें डोळे गेले, त्याच जातीचें हत्यार पुढें त्याच्या हातीं लेखणी झालें!

१८२९ सालीं ही लिपि छापून प्रसिद्ध झाली. ब्रेल ह्यांनीं त्याच शाळेंत शिक्षकाचें काम केलें, व पॅरिसच्या देवळांत ऑर्गनही वाजविला. शाळेच्या अधिकाऱ्यांस ही लिपि पसंत पडावयास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं. मुलें ती आपसांत शिकत राहिलीं. क्षयानें झिजून ता. ६ जानेवारी १८५२ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, ते मरण पावले. फ्रान्समध्यें त्यांच्या लिपीस अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ सालीं.

आपल्या देशांतील भाषांकरितां भारती ब्रेल १९५१ सालीं ठरली. मराठी पुस्तकेंही त्याच सहा ठिपक्यांनीं वाचितां येतात. पुढल्याच वर्षीं ब्रेल ह्यांच्या अस्थि पॅरिस येथील पँथिऑनमध्यें मोठ्या सन्मानानें नेण्यांत आल्या. हातांच्या अस्थि तेवढ्या कूव्रेच्या गांवकऱ्यांनीं आपल्यापाशीं ठेवून घेतल्या.