खुर्शीदबानू नातवान : शुशाला पाणी देणारी कवयित्री



आज एका दूरदेशीच्या बाईंची गोष्ट सांगते. घरातल्या मुलामुलींनाही जरूर वाचून दाखवा.

कॅस्पियन समुद्राच्या पश्चिमेला कॉकेशसच्या डोंगराळ भागात काराबाख नावाचा प्रांत आहे. तिथलं शुशा हे गाव उंच कड्यावर वसलेलं. 1832 साली तिथे खुर्शीदबानूचा जन्म झाला. तिचे वडील मेहदीकुली खान हे काराबाखचे शेवटचे खान. पण तिच्या जन्माच्या दहा वर्षं आधीच, 1822 मध्ये, रशियाच्या झारने ते राज्य खालसा केलं होतं. म्हणजे मुलगी राजाची, पण राज्य नाही! 1845 मध्ये वडीलही गेले. एकुलती एक लेक, वय अवघं तेरा.

तिचं शिक्षण मात्र चांगलं झालं होतं. फारसी यायची, चित्रकला आणि भरतकाम यायचं आणि आपल्या अझरबैजानी भाषेत ती गझला लिहायची. पुढे रशियाच्या सैन्यातले एक मोठे अधिकारी खासाय खान यांच्याशी तिचं लग्न झालं. 1858 साली प्रसिद्ध फ्रेंच लेखक अलेक्झांडर ड्युमा बाकूला आले, तेव्हा या कुटुंबाची आणि त्यांची भेट झाली. नंतर हा संसार मोडला. तिने दुसरं लग्न केलं ते एका साध्या घरातल्या माणसाशी. खानाच्या मुलीने असं करावं हे तिच्या नात्यातल्या अनेकांना रुचलं नाही.

सुरुवातीला ती खुर्शीद, म्हणजे सूर्य, या नावाने लिहायची. नंतर तिने टोपणनाव घेतलं नातवान. हा फारसी शब्द आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांतही येतो. अर्थ दुबळा, हतबल. सूर्य हे नाव असलेल्या बाईने स्वतःला दुबळी म्हणवून घेतलं!

आता या दुबळीने काय केलं ते बघा. शुशा उंचावर, त्यामुळे गावात पाण्याचे फार हाल. पाण्यासाठी वणवण म्हणजे काय, ते आपल्यापैकी ज्यांनी हंडे वाहिलेत त्यांना सांगायला नको. नातवानने स्वतःच्या पैशातून दूरच्या झऱ्याचं पाणी गावापर्यंत आणलं. लोक त्याला खानाच्या लेकीचं पाणी म्हणू लागले. 1872 पासून शुशातल्या कवींच्या मंडळाचाही ती आधार झाली. मजलिस-ए-उन्स, म्हणजे स्नेहाची बैठक, असं त्या मंडळाचं नाव. त्या काळी पुरुषांच्या अशा मंडळाची धुरा एका बाईकडे असणं ही साधी गोष्ट नव्हे.

मग 1885 साल आलं. तिचा मुलगा मीर अब्बास ऐन तारुण्यात क्षयाने गेला. आईच्या या दुःखाला कोणत्याही देशात वेगळं नाव नसतं. त्याच्यासाठी तिने लिहिलेल्या कविता तिच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या मानल्या जातात. पण ती दुःखात बुडून हात बांधून बसली नाही. दुसऱ्याच वर्षी, 1886 मध्ये, तिने एक चित्रवही पूर्ण केली. त्यात निसर्गाची, फुलांची चित्रं आहेत आणि सोबत कविता. ती वही आजही बाकूला जपून ठेवलेली आहे.

1897 मध्ये ती शुशातच वारली. अगदाम गावी घराण्याच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. आज बाकू शहरात तिचा पुतळा उभा आहे.

राज्य गेलं, संसार मोडला, पोटचं पोर गेलं. यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. जे हातात होतं, म्हणजे पैसा, लेखणी, सुई आणि रंग, ते मात्र तिने इतरांसाठी वापरलं. आपल्यालाही कधी कधी वाटतं, मी बापडी काय करणार? तेव्हा नातवान आठवावी. आपल्या हातात काय काय आहे, हे आज रात्री जेवताना घरच्यांनी एकमेकांना सांगून बघा.