वीर नामदेव जाधव

गोदावरीचे जे पात्र नगर जिल्ह्याला स्पर्श करून पुढे आपल्या नांदेड नगरीपर्यंत येते, त्याच पात्राच्या वरच्या अंगाला असलेल्या मुलखात एका शूर पुरुषाचा जन्म झाला. त्यांचे नाव नामदेव जाधव. तत्कालीन अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज हे त्यांचे जन्मगाव आणि १८ नोव्हेंबर १९२१ हा त्यांचा जन्मदिवस. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या बंधुभगिनींना त्यांचे चरित्र थोडक्यात निवेदन करावे, या हेतूने आम्ही ही लेखणी उचलली आहे.

तो मुलूख पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या खेड्यांचा. विहिरीच्या पाण्यावर जे पिकेल ते पिकवावे आणि दुष्काळ पडला की घरातील एखाद्या तरुणाने पलटणीची वाट धरावी, हा तेथील जुना परिपाठ. नामदेवरावही साधे शिपाई म्हणून मराठा लाइट इन्फन्ट्रीत दाखल झाले. त्यांच्या वाट्याला जी पहिली पलटण आली, ती १७६८ साली उभी राहिलेली व 'जंगी पलटण' या नावाने ओळखली जाणारी होय. समुद्रापलीकडे इटलीत जर्मन सैन्याशी जे तुंबळ युद्ध चालले होते, त्यात ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये लढत होती.

१९४४-४५ चा हिवाळा दोन्ही सैन्यांनी सेनिओ नदीच्या दोन काठांवर समोरासमोर काढला. ही नदी ती काय! रुंदी सुमारे पंधरा फूट, पाणी चार-पाच फूट खोल. आपल्याकडील एखाद्या ओढ्याएवढीच. परंतु पुरापासून शेते वाचविण्यासाठी दोन्ही बाजूंस उंच व उभे बांध घातलेले. शेतकऱ्याच्या रक्षणार्थ घातलेले तेच बांध शत्रूने पोखरून त्यांत मशीनगनची ठाणी बसविली होती आणि उतारावर सुरुंग पेरले होते.

९ एप्रिल १९४५ च्या सायंकाळी हल्ल्यास प्रारंभ झाला. तेवीस वर्षांचे नामदेवराव त्या वेळी कंपनीचे निरोप्ये होते. ते आपल्या कंपनी कमांडरसमवेत पाण्यातून पलीकडे निघत असता, मागे टाकलेल्या पूर्वेकडील बांधाच्या आतील अंगातून तीन ठाण्यांनी एकदम मारा सुरू केला. कमांडर व दोन जवान जखमी झाले आणि नामदेवरावांखेरीज त्या तुकडीतील बाकी सर्व जण धारातीर्थी पडले.

त्या क्षणी हुकूम देण्यास कोणी उरले नव्हते. नामदेवरावांनी हुकमाची वाट पाहिली नाही. एका जखमी सोबत्याला उचलून त्यांनी खोल पाण्यातून, उभ्या चढावरून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी पोहोचविले. आणि पुन्हा त्याच वाटेने जाऊन दुसऱ्यालाही आणले. दोन्ही खेपांस तोफगोळ्यांचा व गोळ्यांचा वर्षाव चालूच होता. त्यानंतर तिसऱ्यांदा तो बांध ओलांडून ते शत्रूवर चालून गेले. पहिले ठाणे त्यांनी टॉमीगनने गप्प केले. हाताला जखम झाल्यामुळे बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपले असता सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडील सोबत्यांकडून ते आणखी घेऊन आले आणि उरलेली दोन्ही ठाणी नष्ट केली. शेवटी माऱ्याची पर्वा न करता बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली व मागील कंपन्यांना हात करून नदीपार बोलाविले. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीला अशी दोन पदके लाभली. दुसरे मानकरी रायगडच्या भूमीतील नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच वीरगतीस प्राप्त झाले. नामदेवराव मात्र मायदेशी परतले, पुढे हवालदार झाले आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.

येथे एक शंका कोणी उपस्थित करील, आणि ती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परक्या राजाच्या झेंड्याखाली मिळविलेल्या पदकाचे कौतुक आपण का करावे? विशेषतः आपण मराठवाड्याची माणसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अंमल संपेपर्यंत गावोगावच्या लोकांनी ज्या यातना सोसल्या, त्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आपण वाढलो. देश पारतंत्र्यात असता देशाच्या तरुणांनी राज्यकर्त्यांचे युद्ध लढावे, ही विसंगती लपविण्यासारखी नाही.

तरीपण आमचे नम्र मत असे की, पदक राजाचे होते, पण खांद्यावरचे जखमी सोबती आपले होते. नामदेवरावांच्या पराक्रमाचा क्रम ध्यानात घ्यावा. त्यांनी प्रथम दोन जीव वाचविले आणि मग शस्त्र उचलले. पहिल्या खेपेनंतर ते सुरक्षित जागी थांबले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. ते परत फिरले, यातच त्यांचे मोठेपण आहे. पुरात सापडलेल्या शेजाऱ्याला आधी बाहेर काढावे, नफ्यातोट्याचा विचार मागाहून करावा, हा खेड्यातील माणुसकीचा धडा त्या परक्या नदीतही ते विसरले नाहीत.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत भूदल, नौदल वा वायुदलात सेवा करून पुन्हा नांगर हाती धरलेले वडीलधारे होऊन गेले. त्यांना ना पदक मिळाले, ना त्यांची कोठे नोंद झाली. त्यांचे कागद, छायाचित्रे व आठवणी घरातील पेटीत जीर्ण होत आहेत. सभासद बंधुभगिनींनी त्या जतन कराव्यात आणि मुलांना सांगाव्यात, एवढीच आमची विनंती. नामदेव जाधवांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.